नावाड्याच्या गुडघ्यातला काळतोंड्या

"दिसलं का?"

"दिसलं!"

"कुठे दिसलं?"

"गुडघ्यात!"

प्रार्थना सभागृहाच्या खिडक्यांची तावदानं थरथरली. मुंगीला शिरायला जागा नव्हती. मागचे लोक बाकांवर उभे होते आणि पुढच्यांच्या माना वर करकरून दुखायला आल्या होत्या. समोरच्या फळ्यावर माणसाएवढं मोठं केलेलं एक चित्र डकवलं होतं. प्रार्थना मंडळाच्या मासिकातलंच ते चित्र. पूर आलेल्या नदीतून एक नावाडी एका म्हातारीला पाठुंगळीवर घेऊन काठाकडे निघालाय. त्याची विजार गुडघ्यापर्यंत भिजलेली. त्या भिजल्या कापडाच्या चुण्यांत दोन काळे डाग, आणि त्यांच्या खाली एक तिरपी रेघ.

त्या डागांवर भिंगमहाराजांचं बोट होतं.

महाराजांच्या गळ्यात चांदीच्या दांडीचं एक भिंग लटकत असे, म्हणून हे नाव. आवाज मधाळ, शाल पांढरीशुभ्र. "हे डोळे," दोन्ही डागांवर टिचकी. "हे तोंड," रेघेवर टिचकी. "हा काळतोंड्या! भक्तीच्या पानात दडून बसलाय आणि तुमच्या घराघरांत शिरलाय. डोळे मिटाल तर अंधार. सताड उघडाल तर अज्ञान. म्हणून कसे ठेवायचे?"

"अर्धे!"

"अर्धे उघडे! बारीक करा. आणखी बारीक. आता?"

"दिसलं!"

डोळे इतके बारीक केल्यावर घरच्या मांजरातही वाघ दिसतो. पण हे म्हणणार कोण? नावाड्याच्या गुडघ्यात काळतोंड्या सापडला होता, मंडळींची अक्कल त्या वेळी कुठे होती हे विचारायची सोय नव्हती.

पहिल्या बाकावर चिमी बसली होती, आठेक वर्षांची. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बाबा. तिला फेफरं येत असे. रोजच्या गोळ्यांनी ते दबून होतं, वर्षभर जवळजवळ नव्हतंच. मग मध्यंतरी ताप आला, तापात एक झटका आला, आणि बाबांचा धीर सुटला. नेमके त्याच सुमारास महाराज गावात उतरले.

"ह्या लेकराच्या उशाशी काय असतं?" महाराजांनी विचारलं.

"मासिक," बाबा म्हणाले. "गोष्टी वाचल्याशिवाय झोपत नाही ती."

सभागृहात सुस्कारा फिरला. महाराजांनी डोळे मिटले, जणू त्यांच्याच काळजात सुई गेली. "पुढच्या सभेत मी तिच्यातला काळतोंड्या सोलून काढीन. पण तोवर गोळी बंद. गोळीनं तो झोपतो. झोपलेला चोर सापडेल कसा?" मग हलकेच, "आणि ज्या हातानं हे काढलं, तो हातही आज इथेच आहे."

सगळ्या माना वळल्या. मागच्या दाराशी चिमीची आत्या उभी होती. गेली कित्येक वर्षं मासिकातली चित्रं तीच काढत होती. तिच्या नखांत तेव्हाही शाई होती. कुणीतरी तिच्या पायाशी थुंकलं.

*

चिमीच्या बाबांचं झेरॉक्सचं दुकान होतं. खाली दुकान, वर घर. आत्याही तिथेच राहत असे. जिना इतका अरुंद की दोघं समोरासमोर आली तर एकाला मागे सरावं लागे. त्या दिवसापासून बहीण-भाऊ दोघंही मागे सरत नव्हती.

"दादा, गोळ्या कुठे ठेवल्यास?"

"तू त्या भानगडीत पडू नकोस."

"भानगड? तुझी लेक आहे ती!"

"म्हणूनच!" तो जिन्यातच ओरडला, मग आवाज दाबून म्हणाला, "माझी लेक आहे म्हणूनच. तुला काय जातंय? तू रंगवून मोकळी झालीस."

आत्याचं टेबल त्यानं सकाळीच गच्चीत नेऊन टाकलं होतं. ब्रश, दौती, कच्ची चित्रं, सगळं पोत्यात कोंबलेलं. तिनं आवाज खाली आणला. "डोळ्यांत डोळे घालून सांग. मी पोरीच्या उशाशी काळं काही ठेवीन असं वाटतं तुला?"

त्यानं तिच्या डोळ्यांत पाहिलं नाही. "तुला नकळत झालं असेल. महाराज म्हणाले, हात तुझा, पण काढणारा दुसराच."

यावर बोलायचं काय? मुद्दाम केलं नाही म्हणावं, तर नकळत केलंस. नकळतही नाही म्हणावं, तर तोच तुझ्या तोंडून बोलतोय. सगळीकडून बंद केलेली खोली होती ती.

वहिनी सगळं ऐकत होती. तिनं एकदा गुपचूप गोळी काढली होती, पण नवरा समोर आला आणि तिच्या हातातला पेला लवंडला. "मी कुणाचं ऐकू हो वन्सं?" ती आत्याला म्हणाली. "हे रात्ररात्र तिच्या उशाशी बसतात. वैरी थोडेच आहेत?"

नव्हताच तो वैरी. सगळ्यात अवघड तेच होतं.

दुपारी चिमी आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून पडे आणि आत्या गुणगुणे,

सावली गं सावली, झाडाखाली निजली,
कुणी म्हणे काळी बाय, कुणी म्हणे माउली.

"आत्या, मला का नाही दिसत गं गुडघ्यातला? मला नुसता गुडघाच दिसतो."

"गुडघाच आहे तो."

"महाराज म्हणाले, तो माझ्यात शिरलाय म्हणून मला दिसत नाही." आणि बोलता बोलता चिमी थबकली. डोळे उघडे, नजर कुठेच नाही. पापण्या फडफडल्या, बोटं चाळवली. दोन श्वासांइतकं झालं आणि संपलं. "काय म्हणत होते मी?"

असं थबकणं दिवसातून एकदा होत होतं, मग तीनदा, मग मोजायचं आत्यानं सोडून दिलं आणि चपला घालून दवाखाना गाठला.

डॉक्टरबाई ऐकता ऐकता खुर्चीतून उठल्याच. "एकदम बंद केली? अहो, फेफऱ्याची गोळी अशी तोडायची नसते! मेंदूत विजेचा गोंधळ होतो, तो ती गोळी आवरून धरते. हात सोडला की तो दुप्पट उसळतो. ही थबकणी म्हणजे इशारा आहे." त्या तशाच दुकानात आल्या. गिऱ्हाइकांसमोर त्यांनी दादाला समजावलं, मग दटावलं, मग चक्क हात जोडले. तो कागदांची चळत ठोकत राहिला.

"डॉक्टर, गोळ्या चालू असतानाच झटका आला ना?"

"तापात आला. तापात येऊ शकतो."

"तुम्ही म्हणता येऊ शकतो. महाराजांनी डोळ्यांनी दाखवलं. तुम्हाला काय दाखवता येईल?"

"तुमच्या सभेत मला बोलू देतील?"

"अध्यक्षांना विचारा."

मंडळाच्या अध्यक्षांना सगळे अण्णा म्हणत. मासिक त्यांनीच सुरू केलं होतं. आत्याची चित्रं त्यांनीच निवडली होती, आणि महाराजांच्या त्या सभेपासून त्यांना झोप नव्हती. ते म्हणाले, "बोला. पण लोक बोलू देतील याची हमी मी देऊ शकत नाही."

*

सभेच्या सकाळी महाराज दुकानात आले आणि चित्र सोलायला बसले. सोलणं म्हणजे असं. मासिकातल्या पानाची झेरॉक्स काढायची. तिची पुन्हा झेरॉक्स. तिची पुन्हा. "एकेक साल निघतंय," महाराज म्हणत. "वरचा देखावा गळतो, आतला उघडा पडतो." आणि खरोखरच दर प्रतीला नदी विरत गेली, म्हातारी फिकटली, नावाड्याचा चेहरा पांढराफटक झाला आणि गुडघ्यातले डाग काळेकुट्ट होत गेले. दादाच्या कपाळावर घाम होता. यंत्राचा उजेड त्याच्या चेहऱ्यावरून सरकत होता, पुन्हा पुन्हा.

महाराज चहाला बाहेर गेले तेव्हा त्यांची शाल खुर्चीवर राहिली. दादाही त्यांच्यामागे गेला. आत्या जिन्यावरून खाली आली. तिनं शाल उचलली, चुरगाळून काचेवर ठेवली आणि बटण दाबलं. मग त्या प्रतीची प्रत, तिची प्रत. शाल होती तशी खुर्चीवर ठेवून ती वर गेली. तिच्या ओठांवर कित्येक दिवसांनी हसू होतं.

सभागृहात आज गर्दी दाराबाहेर सांडली होती. चिमीला मधोमध खुर्चीवर बसवलं होतं, भोवती दिवे. तिचा चेहरा कागदासारखा झाला होता. महाराज सोललेली चित्रं एकेक करून दाखवत गेले आणि लोकांचा आवाज चढत गेला. शेवटच्या कागदावर उरले होते फक्त दोन डोळे आणि एक तोंड. बायका रडू लागल्या.

आत्या पुढे झाली. "महाराज, हाही एक कागद बघा. ह्यात कुणी आहे का?"

महाराजांनी भिंग लावलं. "आहे! एक नाही, तीन आहेत! हा शिंगवाला, हा दात विचकणारा, आणि हा... हा तर पोरीतलाच!" त्यांनी कागद उंच धरला. "बघा, हिनं स्वतःहून आणून दिलं!"

"मी काढलेलंच नाही ते," आत्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "ती तुमची शाल आहे. चुरगाळून यंत्रावर ठेवली होती."

कुणीतरी खुसकन हसलं. आत्याला वाटलं, जिंकले.

महाराजांनी खांद्यावरची शाल सावकाश काढली आणि दोन बोटांत धरून जमिनीवर टाकली, मेलेला उंदीर टाकावा तशी. "ऐकलंत? हिचा हात लागला आणि माझ्या शालीतसुद्धा शिरला!"

गर्दी किंचाळली. पुढच्या रांगेतल्या दोघी उठून मागे पळाल्या. "हात बांधा तिचे!" कुणीतरी ओरडलं. एका दणकट माणसानं आत्याचं मनगट धरलंसुद्धा.

"सोडा!" अण्णांचा आवाज. "डॉक्टरबाईंना बोलायचंय. आधी तेवढं होऊ द्या."

डॉक्टरबाई महाराजांच्या शेजारी उभ्या राहिल्या. त्यांनी वाद घातला नाही. "मला काही ठाऊक नाही म्हणून विचारते. आमच्याकडे छातीच्या फोटोत डाग आहे की नाही अशी शंका आली, की तो फोटो दोन डॉक्टरांना वेगवेगळ्या खोलीत वाचायला देतात. पहिल्याला काय दिसलं ते दुसऱ्याला सांगायचं नाही. दोघांनी एकाच जागी डाग दाखवला तर डाग आहे. नाहीतर डोळ्यांचा खेळ. इथेही तसं करू या का? चित्र तुमच्याच मासिकातलं, महाराजांनी अजून न दाखवलेलं. सोललेलंही चिमीच्या बाबांच्याच दुकानात, मी स्वतः उभी राहून सोलून आणलंय. आणि बघणारे महाराजांनीच निवडावेत."

महाराज हसले. "सत्याला कसली भीती?" नाही म्हणायची सोयच नव्हती, एवढे डोळे त्यांच्यावर होते. त्यांनी सगळ्यात मोठ्यानं ओरडणारे पाच जण निवडले. शेजारच्या पुस्तकांच्या खोलीत एकेक जण जाई, दार लागे, आतमध्ये अण्णा त्याच्या हाती चित्राची कोरी प्रत देत आणि तो दिसलेल्या तोंडाभोवती तांबड्या पेन्सिलीनं गोल काढी. बाहेर येणाऱ्यानं बोलायचं नाही. शेवटी महाराजही आत गेले.

इतका वेळ सभागृहात कुणी ओरडलं नाही. ओरडायला काही नव्हतं. चिमीची आई लेकीचा हात धरून बसली होती आणि त्या हाताची बोटं मध्येच चाळवत होती, हे तिच्याखेरीज कुणाला दिसत नव्हतं.

अण्णांनी सगळे कागद ओळीनं फळ्यावर लावले. झाडाखाली दिवा घेऊन उभी असलेली एक बाई, असं मूळ चित्र होतं. किराणावाल्यानं गोल काढला होता झाडाच्या मुळात. शिंप्यानं धुरात. बँकेतल्या साहेबांनी कागद उलटा धरून आभाळात. पोस्टमननं बाईच्या अंबाड्यात. महाराजांनी कोपरात. एकाचा गोल दुसऱ्याच्या जवळपासही नव्हता.

निवडलेल्या पाचांतल्या शेवटच्या कागदावर काहीच नव्हतं. तो एका आजीबाईंचा होता. सगळ्यात तार स्वरात "दिसलं" म्हणणाऱ्या त्याच. त्या उभ्या राहिल्या, पदर तोंडाशी. "मला काही दिसलंच नाही हो. खोलीत कुणी सांगायलाच नव्हतं, कुठे बघायचं ते." मग अगदी हळू, "याआधीही कधी दिसलं नव्हतं. सगळ्यांना दिसतंय म्हणून मी आपली..."

"मला पण नाही," मागून कुणीतरी म्हणालं.

महाराजांनी हात उंचावला. "ज्याची जशी दृष्टी! काळतोंडे अनेक आहेत, प्रत्येकाला आपापला दिसतो!"

"मग मघाशी सगळ्यांना एकच कसा दिसला?" डॉक्टरबाईंनी विचारलं. "तुमचं बोट होतं म्हणूनच ना?"

"आणि हे सोलून निघालेलं काळं?" महाराज गरजले. "तेही बोटानंच झालं? यंत्र खोटं बोलतं का?"

पुन्हा गर्दी डुलली. हो, यंत्र कसं खोटं बोलेल? तेवढ्यात मधल्या खुर्चीवरून बारीक आवाज आला.

"बाबा, तू गिऱ्हाइकांवर ओरडतोस ना... झेरॉक्सची झेरॉक्स आणू नका, काळी येते, मूळ कागद आणा म्हणून. मग ही पण तशीच आली असेल."

कुणीतरी हसलं. "मलाही म्हणाला होता! माझा दाखला परत पाठवला होता यानं!" "मलाही!" अर्ध्या सभागृहाला दादानं कधी ना कधी त्याच वाक्यानं परत पाठवलं होतं. छापील चित्रातला करडा रंग म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी असते. प्रतीची प्रत काढत गेलं की विरळ ठिपके उडून जातात, दाट ठिपके एकमेकांना चिकटून काळे होतात. उरतात नुसते डाग. हे दादाला दिवसातून दहादा दिसत होतं. पण घाबरलेल्या बापाला आपलाच धंदा आठवेनासा झाला होता.

दादा उठला. "महाराज, ती... ती खरं बोलतेय. तशीच येते."

"तोच बोलतोय तिच्या तोंडून!" महाराज झेपावले आणि हातातला काळा कागद त्यांनी चिमीच्या कपाळावर दाबला. "नीघ! बाहेर नीघ!"

चिमीचे डोळे वर गेले. पाठ ताठ झाली आणि ती खुर्चीवरून खाली आली. हातपाय झटके देऊ लागले. दिवे लवंडले. "निघतोय!" महाराज ओरडले. "धरून ठेवा तिला! तोंडात कापड कोंबा, तोंडातूनच निघेल तो!" दोघंतिघं धावले. एकानं मुठीत रुमालही घेतला.

"हात लावू नका!" डॉक्टरबाई गुडघ्यांवर बसल्या होत्या. "तोंडात काही घालायचं नाही! दाबायचं नाही! कुशीवर वळवायचंय. मला एकटीला जमणार नाही." त्यांनी मान वर केली. गर्दीकडे नाही, फक्त बापाकडे पाहिलं. "लवकर ठरवा."

दादा मधोमध उभा. एका बाजूनं रुमाल येत होता. दुसऱ्या बाजूला एक हात पुढे झालेला होता, रिकामा.

त्यानं रुमालवाल्याला असं ढकललं की तो दोन बाकांवर जाऊन आदळला. तो जमिनीवर बसला, लेकीला डॉक्टरबाईंनी सांगितलं तसं कुशीवर वळवलं, आणि आत्यानं आपली ओढणी घडी करून तिच्या डोक्याखाली सरकवली. डॉक्टरबाई घड्याळ पाहत होत्या. बाकी कुणीच काही करत नव्हतं, आणि तेच करायचं होतं. सभागृहभर फक्त त्या इवल्या टाचांचा जमिनीवरचा आवाज. मग तो मंदावला. मग थांबला. चिमीनं एक खोल, घोगरा श्वास घेतला.

"आता थेट रुग्णालय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "गाडी कुणाची आहे?"

बँकेतले साहेब किल्ल्या काढत पुढे झाले. भिंगमहाराज बाजूच्या दारानं केव्हा गेले, ते कुणी पाहिलं नाही.

*

रुग्णालयातल्या खाटेवर तिसऱ्या दिवशी चिमी उठून बसली. गोळ्या पुन्हा चालू झाल्या होत्या. संध्याकाळची गोळी घेऊन परिचारिका आली तेव्हा दादानं हात पुढे केला. "मी देऊ?" त्यानं लेकीच्या पाठीला आधार दिला, गोळी तिच्या जिभेवर ठेवली, पेला धरला, आणि ती गिळेपर्यंत श्वास रोखून बसला.

"कडू आहे," चिमी म्हणाली.

"असू दे गं राणी."

दाराशी आत्या उभी होती. तो तिच्याकडे न बघताच म्हणाला, "टेबल खाली आणलंय. एक पाय हलतो. ठोकून देतो." त्याच्या तोंडून माफी म्हणून एवढंच निघालं, आणि तिनं तेवढंच घेतलं.

गावात अजूनही काहीजण मासिक उलटसुलट धरून बघतात. बघोत बापडे. ढगात, भिंतीवरच्या ओलीत, लाकडाच्या गाठीत, सगळीकडे माणसाला तोंडं दिसतात. तान्ह्या लेकराला जगात सगळ्यांत आधी आईचं तोंड ओळखावं लागतं. तीच सवय आपल्याला जन्मभर पुरते. दोन ठिपके आणि खाली रेघ एवढं दिसलं, की आपलं मन उरलेला चेहरा स्वतःच काढतं. यात पाप नाही, चमत्कारही नाही, आणि चित्रकाराचा काडीचा दोष नाही. पाप आहे ते त्या ठिपक्यांना भीतीचं नाव देणाऱ्याचं. म्हणून कुणी बोट ठेवून काही दाखवू लागलं, तर आधी बोट उचलायला सांगा. दहा जणांना वेगवेगळं विचारा. "हे खोटं ठरवायचं तर काय करावं लागेल?" असं दाखवणाऱ्यालाच विचारा. त्याच्याकडे उत्तर नसेल, तर त्याच्याकडे काहीच नाही.

आणि लेकरू आजारी असेल तर डॉक्टरकडे न्या. औषध मध्येच तोडू नका. चित्रं काय, नंतरही बघता येतील.